ज्या भाषेत कुणी रागावलं नाही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांना शेकाच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. हैदराबादेत तारनाक्याला आमच्या घरामागच्या गल्लीत फिजिओथेरपीचं छोटंसं केंद्र आहे, तिथे मी सकाळी जाते. फोन रश्मीचा होता, अक्काच्या मुलीचा. “मावशी, आई उठत नाहीये,” एवढंच ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “डॉक्टर येऊन गेले.” मी म्हटलं, येते. तिथल्या मुलीनं यंत्राकडे पाहून सांगितलं, आंटी, थोडंच राहिलंय, पूर्ण करून जा. मी बसून राहिले. पट्ट्या सोड म्हणायचंही त्राण अंगात नव्हतं. या काही आठवड्यांत किती जणांनी विचारलं की, कळल्यावर तुम्हाला काय वाटलं. खरं सांगायचं तर दमल्यासारखं वाटलं. गेली काही वर्षं आम्ही दोघी बहिणी दमलेल्याच होतो. ती माझ्याआधी झोपली, एवढंच.

अक्का म्हणजे वत्सला. पण तिला वत्सला म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. घरात अक्का, बरकतपुऱ्यातल्या शेजाऱ्यांची अक्का, आणि शेवटच्या काळात ब्राझील-पोलंडमधल्या लोकांचीही ‘अक्काजी’. संस्कृतची प्राध्यापिका म्हणून लोकांना वाटतं, घरात पूर्वापार वेदपठण वगैरे असेल. तसं काही नव्हतं. आमचे वडील महसूल खात्यात नोकरीला, आई कायम आजारी. कॉलेजात संस्कृतचे तास सकाळी लवकर असायचे आणि दुपारच्या आत घरी येऊन स्वयंपाक करता यायचा, म्हणून अक्कानं संस्कृत घेतलं. पुढे ते तिला आवडलं हे खरं, पण आवडलं ते व्याकरण. देव तिच्या वाटेला गेला नाही आणि ती देवाच्या. देवघरातलं निरांजन तिनं लावलेलं मी पाहिलेलं नाही. ते काम मनोहररावांचं.

नोकरी तिनं मुलींच्या कॉलेजात केली. आमच्याकडे इंटरमीजिएटला, म्हणजे अकरावी-बारावीला, दुसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलं की मार्क भरभरून पडतात. त्यामुळे वर्ग भरलेला असे, पण उत्तरं कुणी तेलुगूत लिही, कुणी इंग्रजीत. अक्का घरी येऊन पर्स खुर्चीवर टाकायची आणि म्हणायची, “आज कुणाला काही शिकवलं नाही.” ती ते तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तसं सांगायची. निवृत्त झाली तेव्हा तिला वाटलं, संपलं एकदाचं.

मनोहरराव, म्हणजे आमचे भाऊजी, वकील. लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी बोलता बोलता दखनीत कधी शिरले ते त्यांनाही कळायचं नाही. पहाटे अंघोळ झाली की ते कुलदैवताचं एक लांबलचक स्तोत्र म्हणायचे. वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ केलेलं. त्यातल्या एका अक्षराचाही अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि उच्चार असे की अक्काचा स्वयंपाकघरात जीव जायचा. ‘क्ष’ तर त्यांच्या जिभेवर कधी चढलाच नाही. शेवटच्या कडव्यात देवाकडे क्षमा मागायची आहे, तिथे ते ठणठणीत आवाजात ‘शमा’ म्हणत. अक्का कढईवरचं झाकण उचलता उचलता ओरडायची, “अहो, क्षमा! शमा म्हणजे मेणबत्ती. रोज उठून मेणबत्ती काय मागताय देवाकडे?” भाऊजी स्तोत्र पुरं करायचे, नमस्कार करायचे आणि मग बाहेर येऊन शांतपणे म्हणायचे, “अपने कू नईं समझा तो क्या हुआ मॅडम, जिसकू सुनारौं उसकू समझता ना.” लग्न झाल्यापासून हा वाद चालू होता. वरवर पाहता थट्टा, पण अक्काच्या बाजूनं ती थट्टा नव्हती. अर्थ न कळता नुसती तोंडं हलवणारी माणसं हा तिचा आयुष्यभराचा वैताग होता. कॉलेजात तेच आणि घरातही तेच.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पद्मजा तिचं नाव, ती जर्मनीत योग शिकवते. तिच्या ओळखीचे योगशिक्षक वेगवेगळ्या देशांत, ते वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी मंत्र म्हणतात, पण बरोबर की चूक कुणालाच माहीत नाही. मॅडम, तुम्ही शिकवाल का? अक्काला काही फार उत्साह नव्हता. पण मनोहरराव म्हणाले, घ्या की, तेवढंच माझ्यावरचं लक्ष कमी होईल. आणि मग दुपारचा चहा झाला की अक्का कॉम्प्युटरसमोर बसू लागली. ब्राझीलमध्ये तेव्हा सकाळ, पोलंडमध्ये मध्यान्ह.

पहिल्याच दिवशी तिनं त्यांना बजावलं की अर्थ कळल्याशिवाय ओठ हलवायचे नाहीत. एकेक शब्द फोडून दाखवायची. कुणी चुकलं की डावा हात वर करून तळवा त्यांच्याकडे धरायची, रहदारीच्या पोलिसासारखा, की सगळे गप्प. आश्चर्य म्हणजे ते तिला सोडून गेले नाहीत. ब्राझीलच्या लुसियानाच्या मनगटावर देवनागरीत गोंदलेलं होतं. एकदा तिनं केस मागे घेतले तेव्हा अक्काला ते दिसलं आणि तिनं वर्ग थांबवला. ‘अहिसा’ लिहिलेलं होतं. अक्कानं सांगितलं की तू हातावर जे लिहिलंयस त्याला अर्थच नाही, वर एक टिंब राहिलंय. लुसियानाचा चेहरा पडला. गोंदवून तिला कित्येक वर्षं झाली होती. पुढच्या वर्गाला ती हात उंच धरूनच आली. टिंब आलं होतं, भोवतालचं कातडं अजून लाल होतं. अक्का त्या दिवशी मला फोनवर म्हणाली, “एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या सांगण्यावरून एकीनंही पेपरातलं टिंब दिलं नाही गं...”

आमच्या मराठी मंडळींच्या सभेत तिला एकदा भाषणाला बोलावलं होतं. जगभर संस्कृत कसं पोचलंय हे तिनं सांगावं, अशी अपेक्षा. लोक अभिमानानं छाती भरून घ्यायला आलेले. अक्का उभी राहिली आणि म्हणाली की जगभराचं मला माहीत नाही, माझ्यासमोर दुपारी जी माणसं बसतात तेवढी माहीत आहेत. कुणाची पाठ दुखते, कुणाचा नवरा सोडून गेलाय, कुणाला झोप लागत नाही. आमची संस्कृती थोर म्हणून ती आलेली नाहीत. मग ती जे बोलली ते माझ्या मनात राहिलंय. “त्यांच्या भाषेत त्यांना आई रागावलेली असते, साहेब रागावलेला असतो, देवळातला माणूससुद्धा रागावलेला असतो. या एका भाषेत त्यांना अजून कुणी रागावलेलं नाही. मी सोडून.” लोक हसले, पण टाळ्या जरा कमीच पडल्या. परतताना रिक्षात मी विचारलं तर म्हणाली, त्यांना हवं ते बोलता आलं असतं मला, पण कंटाळा आला.

मग मनोहररावांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द बाहेर येत नसे. पाणी हवं असेल तर ‘पा’ सुद्धा नाही. उभं आयुष्य कोर्टात बोलण्यावर काढलेला माणूस. ते चिडायचे, डाव्या हातानं पलंगाची कड आपटायचे, आणि मग रडायचे. अक्का पाणी, चहा, उशी, चादर, खिडकी असं एकेक विचारत राहायची आणि ते मान हलवत राहायचे. कामाला ठेवलेली माणसं टिकायची नाहीत. मी तारनाक्याहून दुपारी रिक्षा करून जायचे, म्हणजे अक्काला जरा पाठ टेकता यावी. पण ती झोपायची नाही. वर्ग तिनं बंद केला नव्हता. मी म्हटलं, आता कशाला हा व्याप? ती म्हणाली, “तेवढा वेळ मी कुणाचं काही पुसत नाही.”

वाचेच्या उपचारासाठी सौजन्या नावाची एक तरुण मुलगी यायची. तिनं अक्काला विचारलं की यांना एखादं गाणं, प्रार्थना, असं काही पाठ होतं का? बोलणं जातं, पण पाठ असलेलं कधी कधी आत राहतं, ते वेगळ्या जागी असतं म्हणाली. अक्का पलंगाशी बसली. मला आठवतं, तिनं आधी घसा खाकरला, जसं काही परीक्षा तिचीच होती. आणि जे स्तोत्र तिनं जन्मभर फक्त दुरुस्त केलं होतं, त्याची पहिली ओळ तिनं म्हटली आणि थांबली. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा डावा गाल हलला... आणि दुसरी ओळ आली. जड, लाळेतून, पण आली. मग तिसरी. शेवटच्या कडव्यापर्यंत ते पोचले, आणि तिथे ‘शमा’ म्हणाले. मी अक्काकडे पाहिलं. तिचा हात मांडीवरच राहिला.

त्यानंतर त्या घरात एक नवीनच कारभार सुरू झाला. सौजन्यानं सुचवलं की पाठ असलेल्या चालीवर रोजचे शब्द बसवून बघा. व्याकरणातल्या एका मात्रेसाठी वाद घालणारी माझी बहीण, नवऱ्यासाठी स्तोत्राच्याच छंदात, अनुष्टुभात, ओळी जुळवू लागली. ‘पाणी हवे मला थोडे’. ‘उशी सारा जरा मागे’. ‘चहा हवा मला आता’. बरोबर आठ अक्षरं, आणि लघुगुरूसुद्धा चोख, त्यात ती तडजोड करणारी नव्हतीच. ती अर्धी ओळ म्हणायची, भाऊजींनी उरलेली पुरी करायची. कित्येक दिवस काहीच होत नव्हतं. मग एका दुपारी मी दारातून आत येते तर स्तोत्राच्या चालीवर, त्याच ठेक्यात, आतून आवाज, “पाणी हवे...” पुढचं अडखळलं. पण पाणी मागितलेलं होतं. अक्का पेला घेऊन धावली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि मग मीच पाणी नेऊन दिलं.

वर्ग चालू असताना पलंग त्याच खोलीत असायचा. एकदा मंत्र म्हणून झाला, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि पलंगावरून धीरगंभीर चालीत ओळ आली, ‘चहा हवा मला आता’. लुसियानानं डोळे न उघडता ती मागून म्हटली. तिच्यामागून बाकीच्यांनी. ब्राझील, पोलंड, जर्मनी, सगळीकडून, अगदी शुद्ध. वर लुसियानानं विचारलं की अक्काजी, हा कुठल्या ग्रंथातला? अक्का हसायला लागली. कित्येक महिन्यांनी मी तिला अशी हसताना पाहत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं नियमाप्रमाणे अर्थ सांगितला. त्या सगळ्यांनी कॅमेऱ्याजवळ येऊन भाऊजींना नमस्कार केला. भाऊजींनी डावा हात कपाळाला लावून सलाम केला. लुसियानाच्या वर्गात मधल्या सुट्टीत अजून ती ओळ म्हणतात, असं ऐकते. त्यांना आता अर्थ माहीत आहे, तरी म्हणतात.

एवा पोलंडची. शांत बाई, वर्गात फारशी बोलायची नाही. एके दिवशी बाकीचे गेल्यावर ती स्क्रीनवर तशीच थांबली. तिची आई शेवटच्या अवस्थेत होती, माणसं ओळखत नव्हती, घाबरायची. एवानं विचारलं की तिच्या उशाशी बसून म्हणायला मला एखादा मंत्र द्या, शांतीचा. अर्थ शिकत बसायला आता वेळ नाही, म्हणाली, तुम्ही रागवाल, पण अर्थाशिवायच द्या. मी भाऊजींना भरवत होते, माझा चमचा थांबला. मला वाटलं, आता हात वर होणार.

अक्कानं विचारलं, “आई रोज झोपताना काय म्हणायची?”

एवा म्हणाली की एक प्रार्थना म्हणायची, लॅटिनमधली, तिच्या लहानपणी चर्चमध्ये तशीच असायची. तिला लॅटिन येत होतं असं नाही. मी तर किती वर्षांत म्हटलेली नाही, म्हणाली, मला ते सगळं नकोसं झालं होतं, म्हणून तर मी तुमच्याकडे आले.

“मग तीच म्हण,” अक्का म्हणाली. “माझं संस्कृत तिच्या काय कामाचं? तिचं संस्कृत तिच्याकडे आहे.”

एवा म्हणाली, मला अर्धीच आठवते. अक्का म्हणाली, “अर्धी म्हण. उरलेली ती म्हणेल.”

काही दिवसांनी एवाची आई गेली. एवानं कळवलं की आवाज आला नाही, पण ओठ हलत होते, अगदी शेवटपर्यंत, आणि ती घाबरलेली नव्हती. अक्कानं हे मला स्वयंपाकघरात सांगितलं. बराच वेळ ओट्यावरचं एकच भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, “मनोहरांना सांगायला पाहिजे.” मी म्हटलं, सांग की, पलीकडच्या खोलीत तर आहेत. ती गेली. पलंगाशी बसली आणि स्तोत्र म्हणू लागली, ते तिच्याबरोबर. शेवटच्या कडव्याशी आल्यावर अक्का, माझी अक्का, स्वच्छ आवाजात ‘शमा’ म्हणाली. भाऊजी थांबले. तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांनी डावा हात हळूहळू वर उचलला, तळवा तिच्याकडे करून, ती वर्गात करायची तसाच. मी दारातून मागे फिरले. ते दोघांचं होतं.

त्याच हिवाळ्यात भाऊजी गेले. त्यानंतर अक्का वर्ग घ्यायची, पण कमी. रश्मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला राहते, ती म्हणायची, आई, माझ्याकडे चल. अक्का ‘हौ, येते’ म्हणायची आणि जायची नाही. दुपारी मी गेले की आम्ही दोघी एकेका पलंगावर पडून राहायचो, पंखा बघत. मी एकदा म्हटलं, आता तरी थोडं देवाचं कर, बरं वाटेल. ती म्हणाली, “मला विश्वास नाही गं. पण आता कुणी म्हणत असेल तर मी मधे बोलत नाही.” यापलीकडे तिच्यात काही बदल झाला, असं मी म्हणणार नाही. लोकांना तसं ऐकायला आवडतं. ती दमली होती आणि दमलेल्या माणसाची वाद घालायची हौस संपते, तेवढंही असेल.

तिचं सगळं गुरुजींनी केलं, भरभर, मधे एकदा फोन घेऊन. ती असती तर... पण जाऊ दे. रश्मी रडून रडून थकली आणि अक्काचा फोन तिनं माझ्या हातात दिला. त्यावर जगभरातून निरोप येत होते. मी बसून सगळ्यांना उत्तरं दिली, आभारी आहोत, आभारी आहोत. त्यांनी एका ठरलेल्या वेळी आपापल्या घरी तिच्यासाठी मंत्र म्हटला म्हणे. एवानं मंत्र म्हटला नाही, तिनं ती लॅटिन प्रार्थना म्हटली, असं तिनंच कळवलं. रश्मीला मराठी नीट वाचता येत नाही, संस्कृत तर नाहीच, म्हणून मी हे लिहून तिला वाचून दाखवणार आहे.

बरकतपुऱ्याचं घर अजून आहे. रश्मी रविवारी येते, मी मधूनमधून जाऊन खिडक्या उघडते. पद्मजानं वर्गाची ध्वनिमुद्रणं पाठवली आहेत, आणि मला त्याच खोलीत बसून ती ऐकायची सवय लागली आहे. संस्कृत मला येत नाही, शिकायचं आता वयही नाही. अक्का एक ओळ म्हणते आणि थांबते, समोरच्यांनी मागून म्हणावी म्हणून. पण ध्वनिमुद्रणात फक्त इकडचाच आवाज उतरला आहे, त्यामुळे त्या जागी कुणाचाच आवाज नाही. आहे ती ही खोली. कुकरची शिट्टी, खाली पेरू विकणाऱ्या जामवाल्याची हाळी, भाऊजींचं खोकणं, त्यांना काय हवंय म्हणून अक्का वळते तेव्हा किंचित करकरणारी खुर्ची. आणि अगदी जवळून अक्काचा श्वास. जिना चढून आल्यासारखा, थकलेला. मग ती पुढची ओळ घेते. मी मागून म्हणत नाही. ती थांबते तेवढं ऐकते.